एका वाक्याचं हक्कसोडपत्र

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज पुन्हा झालं! मीच सांगितलेला दस्त, सोनियानं टाइप केलेला, आणि वाचायला घेतला तर पानाच्या तळाशी पोचेपर्यंत पानाचा माथा गायब. शब्द सगळे ओळखीचे. एकेक शब्द उठून सलाम करतोय. पण कोण कुणाला काय देतंय? परत वर गेलो. परत खाली आलो. तिसऱ्यांदा 'सबब' या शब्दापाशी अडकलो — सबब कशाची, तेच आठवेना.

सोनिया की-बोर्डवर बोटं ठेवून बसलेली. "चाचा, पुढं?"

"पुढं चहा," म्हटलं. "जा, सांगून ये."

हसत गेली. ही युक्ती रोज चालणार नाही.

चितेगावच्या अलीकडं, पैठण रोडवर, एका स्पीडब्रेकरनं मला स्कूटरवरून खाली उतरवलं त्याला सात आठवडे झाले. डोक्याला सहा टाके. सीटी स्कॅन स्वच्छ. डॉक्टर म्हणाले, "आत काहीही नाही." साप्ताहिकातलं माझं विनोदी सदर वाचणारे हे पंधरा वर्षं सांगतायत, त्यासाठी मशीन कशाला लागलं!

नाव-गाव शाबूत. अम्मीचं नाव शाबूत. तीस वर्षांपूर्वी मेव्हण्याशी झालेलं भांडण शब्दाशब्दासकट शाबूत. फक्त लांब वाक्य धरवत नाही. आणि धंदा? लांब वाक्याचा.

४ नोव्हेंबर

आजही. चतुःसीमा ओलांडता आली नाही. पूर्वेला निघालो, पश्चिमेला पोचेपर्यंत जमीन कुणाची ते विसरलो.

६ नोव्हेंबर, गुरुवार

आमच्याकडं तीन पिढ्या कागद लिहितात. आजोबा अर्जीनवीस, निजामाच्या कचेरीबाहेर उर्दूत लिहायचे. अब्बांनी मराठी उचलली. मी रजिस्ट्री कचेरीसमोर दस्तलेखक — लोक बाँडरायटर म्हणतात. भाषा बदलली, राज्य बदललं, शहराचं नाव बदललं; आता दस्तात जुनं-नवं दोन्ही घालावं लागतं, वाक्य तेवढंच वाढतं. एक गोष्ट कुणी बदलली नाही: दस्त एका वाक्यात लिहायचा. अब्बा सांगायचे, "पूर्णविराम म्हणजे उघडं दार. मागाहून कुणीही येऊन दोन शब्द घुसवतं." म्हणून आम्ही दारंच ठेवली नाहीत. 'असून', 'असल्याने', 'ज्याअर्थी', 'त्याअर्थी' — एकाच्या शेपटीला दुसरा धरून दीड पान चालत राहायचं. आणि मराठीत निकाल शेवटी. क्रियापद येईस्तोवर सगळं बिऱ्हाड डोक्यावर घेऊन उभं राहायचं.

या वाक्यांसाठीच मी ओळखला जातो. माझं निम्मं काम आप्पासाहेब वकिलांकडून येतं. ते म्हणतात, "नवाबभाईंचं वाक्य म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यातली अंधारी. शत्रू आत गेला की बाहेर पडत नाही." स्तुती होती ती. मी मिरवायचोसुद्धा. आता त्याच अंधारीत मी रोज सकाळी अकरा ते पाच भिंती चाचपत असतो.

संध्याकाळी पेपर घेऊन बसलो. अग्रलेख. अख्तरी दारातून म्हणाली, "पढ रै कि घूर रै?"

घूर रहा था. पण बोललो नाही.

ही वही मराठीत लिहितो ती याचसाठी. उर्दू ती माझ्यापेक्षा भरभर वाचते. मराठी वाचता येते, पण कंटाळा करते. बायकोचा कंटाळा हीच माझी तिजोरी.

१० नोव्हेंबर, सोमवार

डॉक्टरांनी अदीबा मॅडमकडं पाठवलं होतं. मानसशास्त्रज्ञ. वय तिशीच्या आत. "अंकल, घाबरू नका, यात पास-नापास काही नसतं." हे फक्त नापास होणाऱ्यालाच सांगतात.

आधी आकडे. ती म्हणेल तसे परत म्हणायचे. सहापर्यंत गेलो, कॉलर ताठ केली. मग तेच उलटे म्हणायचे. तीन आले. चार म्हटल्यावर मानेला घाम.

मग वाक्यं. एकेक वाक्य मोठ्यानं वाचायचं, ते खरं का खोटं सांगायचं, आणि प्रत्येकातला शेवटचा शब्द डोक्यात ठेवायचा. 'मासे रोज शाळेत जातात.' खोटं. 'दर्जी कैचीनं कापड कापतो.' खरं. शेवटचे शब्द? जातात, कापतो. शाब्बास! तीन वाक्यं — दोन शब्द आठवले. चार वाक्यं — एकच आठवला आणि तोही मागच्या डावातला! तिनं पेन्सिलीनं कागदावर काहीतरी बारीक लिहिलं. मी वाचायचा प्रयत्न केला. उलटं होतं.

"तुमचं वाचन नीट आहे," म्हणाली. "शब्द नीट आहेत. अडचण धरून ठेवण्यात आहे. वाचताना डोक्यात एक टेबल असतं असं समजा. मागचं त्यावर ठेवायचं, पुढचं घ्यायचं, दोन्ही जोडायचं, तेव्हा कुठं अर्थ लागतो. सामान जास्त झालं की खाली पडतं. तुमचं टेबल सध्या छोटं झालंय."

याला कार्यकारी स्मृती म्हणतात म्हणे. नाव सरकारी योजनेसारखं. लाभार्थी यादीत मी नाही.

"मग बाकीच्यांचं टेबल केवढं असतं?"

"तुम्हाला वाटतं तेवढं मोठं कुणाचंच नसतं, अंकल. विषय ओळखीचा असेल, काय शोधायचं ते माहीत असेल, तर कमी जागेत भागतं. नवख्याला सगळंच धरून ठेवावं लागतं, मग एकही धड राहत नाही." जरा थांबली. "आमच्या पप्पांच्या घराचा दस्त तुमच्याच हातचा आहे. मी दोनदा वाचला. मला नाही कळला."

एवढी शिकलेली पोरगी! आणि हे मला लाजत सांगतेय — जणू चूक तिची.

औषध? वाक्य तोडा. एका वेळी एकच गोष्ट. बाकीचं कागदावर उतरवून ठेवा. किती दिवस? "महिने लागतील. कदाचित सगळं परत येईल. कदाचित थोडं कमी." कदाचित दोनदा म्हणाली. तेवढं बरं लक्षात राहिलं.

घरी सांगितलं — बीपी तपासून आलो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

तोडलं वाक्य!

चितेगावच्या एका शेडचा भाडेकरार होता. सोनियाला सांगायला लागलो आणि दुसऱ्या ओळीत म्हटलं, "पूर्णविराम."

"चाचा, इथं?"

"इथं."

"मधेच?"

"नवीन पद्धत आलीय." कुठून आली ते विचारलं नाही तिनं. नवीन पद्धत म्हटलं की या कचेरीत कुणी काही विचारत नाही.

बत्तीस छोटी वाक्यं. आणि मी तो वाचला! पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका दमात, अर्थासकट! रडू आलं असतं, पण सोनिया समोर होती.

मग मालक आणि भाडेकरूला वाचून दाखवला. भाडेकरूनं हात वर केला. "थांबा थांबा. छत गळलं तर दुरुस्ती मी करायची?"

मालक म्हणाला, "मग काय मी करू?"

तीस वर्षं हे कलम मी लिहितोय. तीस वर्षं छपरं गळतायत. आज पहिल्यांदा कुणी विचारलं! अर्धा तास बाचाबाची, सही न करता दोघं दोन दिशांना गेले. लेखक म्हणून मला मिळालेली ही पहिली खरी दाद.

पण दुपारभर डोक्यात तेच. इतकी वर्षं मी वाचत होतो आणि समोरचे माना हलवत होते. मला वाटायचं समजतंय. माणूस थकला तरी मान हलवतो. आणि प्रत्येक दस्ताच्या शेवटी मीच लिहितो — वाचून दाखवला, समजला, मान्य आहे म्हणून सही केली. त्यातलं 'वाचून दाखवला' एवढंच खरं. आणि दाखवणारा आता मीच असा.

१७ नोव्हेंबर, सोमवार

वाईट दिवस. नीट लिहितो.

आप्पासाहेब अशिलाला घेऊन आले. दौलताबादचा पुंजाराम आणि त्याची थोरली बहीण साळूबाई. किल्ल्याखाली, रस्त्याला लागून बापाची जमीन. बाप गेला, सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली, निम्मी निम्मी. पुंजारामला तिथं हॉटेल टाकायचंय. त्यासाठी बहिणीचं हक्कसोडपत्र हवं — म्हणजे बहीण आपला निम्मा हिस्सा कायमचा भावाला सोडून देते तो कागद. दर आठवड्याला एखादा लिहितो मी. बहिणी येतात, भावाकडं बघतात, अंगठा देतात, जातात.

साळूबाई सोयगावाहून पहाटेच्या एसटीनं आलेल्या. साठीच्या. नवरा नाही. शाळेत कधी गेल्या नाहीत. मांडीवर कापडी पिशवी, तिचे बंद दोन्ही हातांनी धरलेले. मी विचारलं, "कशासाठी आलात माहीत आहे ना?"

"व्हय. सातबाऱ्यावरनं आमच्या वडलांचं नाव कमी करायचं हाय. अंगठा लागतो म्हनला ह्यो."

पुंजाराम पंख्याकडं बघत होता. आप्पासाहेब फोनकडं. मी आदल्या दिवशीच मसुदा करून ठेवलेला, माझ्या नव्या पद्धतीनं. वाचला. मधला भाग असा होता — "या जमिनीत साळूबाई यांचा निम्मा हिस्सा आहे. तो हिस्सा त्या पुंजाराम यांना सोडून देत आहेत. यापुढे या जमिनीत त्यांचा कोणताही हक्क राहणार नाही."

तीन वाक्यं. बाहेर झेरॉक्सचं मशीन चाललेलं ऐकू आलं.

"म्हंजी," साळूबाई म्हणाल्या, "माझं काईच ऱ्हात नाय?"

"आक्के, तसं नसतं वं," पुंजाराम म्हणाला. "ती लिहायची पद्धत ऱ्हाती."

"पद्धत ऱ्हाऊ दे. मला इचारलंस का तू? नाव कमी करायचं म्हनला व्हतास."

"घरी बोलू."

"घर कुनाचं?"

उठल्या. पिशवी काखेत मारली आणि सरळ बाहेर. पुंजाराम मागं पळाला.

आप्पासाहेबांनी दार लावलं. सोनियाला बाहेर पाठवलं. खुर्ची ओढून समोर बसले, अगदी हळू आवाजात — "पूर्णविराम कुणी घालायला सांगितले?"

"समजायला सोपं जातं."

"दस्त समजायला नसतो, नवाबभाई. टिकायला असतो." मग माझ्या डोक्यावरच्या टाक्यांच्या खुणेकडं बघत, "काय झालंय तुम्हाला? पडल्यापासनं बघतोय. सोनिया म्हणत होती, मधेच थांबता. काही असेल तर आत्ताच सांगा. मी दुसरा माणूस बघतो. आणि कचेरीतही कानावर घालावं लागेल, परवान्याचा प्रश्न आहे."

"काही नाही. उन्हात फिरलो होतो."

नोव्हेंबरात!

"मग शुक्रवारी नोंदणी. जुन्या पद्धतीनं. तुमचं खास वाक्य पाहिजे. ती बाई येईल. पुंजाराम आणेल समजावून."

मी हो म्हणालो. इथं कुणी वाचणार नाही म्हणून खरं लिहितो: मला कळत होतं की वाक्य लांब कशासाठी हवंय. तरी हो म्हणालो. परवाना गेला तर पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरं येतं काय? विनोद!

१८ नोव्हेंबर

साळूबाईंचा नंबर आधारच्या झेरॉक्सवर लिहिलेला आहे. चार वेळा काढला. चार वेळा ठेवला. 'येऊ नका, अंगठा देऊ नका' — दोन छोटी वाक्यं. तीही निघाली नाहीत.

अख्तरी म्हणाली, "किसका फोन है?" म्हटलं, राँग नंबर. लावलाच नव्हता तरी.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आप्पासाहेब स्वतः समोर बसले. मला वाटलं होतं टिपणं काढीन, चिठ्ठ्या ठेवीन, अदीबा मॅडमनं सांगितल्यासारखं. एक चिठ्ठी काढली आणि त्यांच्या भुवया वर. चिठ्ठी खिशात.

"नावं परत परत घेऊ नका," म्हणाले. "वरती एकदा लिहा — पहिला पक्ष पुंजाराम, दुसरा पक्ष साळूबाई. खाली नुसतं पहिला, दुसरा. वजन येतं."

सांगायला लागलो. सुरुवात छान. गट नंबर, क्षेत्र, पूर्वेस रस्ता, पश्चिमेस नाला, वडील अमुक साली मयत झाले असून, त्यांच्या पश्चात उभयतांची वारस म्हणून नोंद झाली असून... जीभ आपोआप चालत होती. तीस वर्षांची घासलेली वाट. मी 'त्याअर्थी'पर्यंत आलो. आता मुख्य गोष्ट सांगायची. आणि टेबल रिकामं.

पहिला होता. दुसरा होता. कोण पहिला, कोण दुसरा, सोडतंय कोण — सगळं खाली पडलेलं. सोनियाची बोटं थांबली. आप्पासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. स्क्रीन तिच्याकडं वळलेला. 'वरचं वाच' म्हटलं की संपलो.

तोंडाला आलं ते सांगितलं. आवाज मात्र खणखणीत! पुढं परत सवयीची वाट लागली — 'कायमचा', 'विनामोबदला', 'राजीखुशीने' — आणि शेवटी क्रियापदावर गाडी उभी केली. दीड पान. एक वाक्य. एक पूर्णविराम.

आप्पासाहेबांनी छापील कागद वरून खाली बघितला. "हां! आता कसा दस्त वाटतो."

बरोबरच सांगितलं असणार. तीस वर्षांची जीभ आहे. घरी दोनदा वाचायला बसलो, दोन्ही वेळा पश्चिमेच्या नाल्यात पडलो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

झालं. नोंदणी झाली.

साळूबाई आल्या होत्या. का आल्या, कळेना. पुंजाराम म्हणाला, "समजावली." हिरवं लुगडं, तीच पिशवी, माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

आप्पासाहेब म्हणाले, "नवाबभाई, वाचा. नीट, मोठ्यानं."

वाचलं. माझा आवाज अजून चांगला आहे, कुणी ऐकलं तर वाटेल याला सगळं कळतंय. पुंजाराम 'हूं, हूं' करत होता. दोन साक्षीदार — दोघंही आप्पासाहेबांच्या ऑफिसातले — एक नखं बघत होता, एक मान हलवत होता. साळूबाई खाली मान घालून बसलेल्या. मी शब्दामागून शब्द टाकत गेलो. मधे कुठंतरी मला थांबायचं होतं. 'बाई, हे तेच आहे, फक्त लांब करून आणलंय' — एवढंच म्हणायचं होतं. दीड पानात थांबायला एक जागा नाही. माझीच करामत.

"समजलं ना आक्का?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"समजलं," साळूबाई म्हणाल्या.

आत नोंदणीच्या साहेबांनी दोघांनाही तेच विचारलं. दस्त वाचून दाखवला? मान्य? पुंजारामनं "मान्य, मान्य" म्हणत सही ठोकली. साळूबाई, "मान्य हाय." त्यांचा अंगठा मशीन घेईना. शेतात रेषा झिजून गेलेल्या. तीनदा पुसून, चौथ्यांदा दाबून लावला. त्या तीन वेळांत मी तीनदा बोलू शकलो असतो.

पुंजारामनं पेढा हातावर ठेवला. तो मी सोनियाला दिला. तिनं खाल्ला. निदान एकाला तरी गोड लागला.

२३ नोव्हेंबर, रविवार

आत्ताच लिहितो.

दोन दिवस चैन नाही. सकाळी अख्तरीची कपडे बेतायची कैची घेतली आणि दस्ताची झेरॉक्स कापायला बसलो. जिथं 'असून' तिथं कट. जिथं 'त्याअर्थी' तिथं कट. फरशीवर पट्ट्या मांडल्या. अख्तरी येऊन उभी राहिली.

"कतरन कायकू कर रै जी?"

आणि मी सांगून टाकलं. सगळं. स्पीडब्रेकर, उलटे आकडे, टेबल, साळूबाई. उभ्या उभ्या ऐकलं तिनं. मग खाली बसली, पदर खोचला. "मैं याद रखती. तुमे पढो. पहला कौन?"

"पुंजाराम."

"दूसरी?"

"साळूबाई."

"हौ. चलो."

वाचत गेलो. ती बोटावर बोट ठेवून बसलेली. रस्ता, नाला, मयत, वारस. मग ती पट्टी आली — "पहिल्या पक्षाने सदर मिळकतीतील आपला संपूर्ण हिस्सा दुसऱ्या पक्षाच्या लाभात कायमचा सोडून दिला असून..."

"ठैरो," अख्तरी म्हणाली. "पहला तो भाई है ना?"

परत वाचलं. परत.

पुंजारामनं स्वतःचा हिस्सा साळूबाईला सोडलाय! सोनियानं ऑनलाइन अर्ज दस्तावरूनच भरला, तिथंही तेच. साहेबांनी तेच विचारलं, पुंजाराम 'मान्य, मान्य' म्हणाला. दौलताबादची अख्खी जमीन आज कागदावर साळूबाईची. पुंजारामचं राहतं घरसुद्धा त्यातच.

अख्तरी हसत सुटली. डोळ्यांतून पाणी. "या अल्ला! इत्ते सारे पढे-लिखे!"

मला हसू येईना. वकील, दोन साक्षीदार, टायपिस्ट, साहेब, खुद्द पार्टी — सहा जणांच्या हाताखालून गेलं. कुणाच्याच डोक्याला टाके नव्हते.

शूर असतो तर मुद्दाम केलं असतं आणि छाती काढून सांगितलं असतं. मी नुसता घसरलो. आणि पुंजाराम लबाड आहे, पण त्याला घरादाराबाहेर काढायला मी कोण? चूक दुरुस्तीचा दस्त होतो. पण त्याला दोघांचीही सही लागते. म्हणजे दोघांना सांगावं लागेल. म्हणजे हेही सांगावं लागेल की नवाबला आता वाचता येत नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

आप्पासाहेबांकडं गेलो. सांगायचं ठरवून गेलो होतो. तोंडातून निघालं ते — "तो दौलताबादचा दस्त एकदा परत डोळ्याखालनं घालता का?"

"का?"

"सहज."

वाचला त्यांनी! माझ्यासमोर. ओठ हलवत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होतो. त्यांना जे वाचायचं होतं ते त्यांनी वाचलं. कागद घडी करून माझ्या हातात दिला. "उत्तम! हीच तुमची खरी लेखणी. आणखी काही?"

"नाही."

जिन्यात बसलो थोडा वेळ.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पुंजारामचा फोन. दस्त तलाठ्याकडं दिला, फेरफाराला. "आता नाव लागलं की नारळ फोडतो, नवाबभाई. तुम्ही पाहिजेच." नाव कुणाचं लागणार, ते नोटीस आल्यावर कळेल त्याला. कदाचित तेव्हाही नाही.

सोनियानं दोनदा विचारलं, "चाचा, बरंय ना?" तिला सांगितलं. कचेरीत आधी तिलाच सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं मी टाइप करते म्हणून मला कळत नाही."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

ठरलं. सोमवारी दोघांना बोलवायचं. दोघांसमोर सांगायचं — चूक माझी, आणि ती का झाली तेही. आप्पासाहेब जे करतील ते करोत. पाटी उतरवायची वेळ आली तर स्क्रूड्रायव्हर माझ्याकडंच आहे.

सोयगावचा नंबर लावला! सुनेनं उचलला. निरोप ठेवला: दस्तात चूक झालीय, सोमवारी या. पुंजारामला सांगितलं, बारा वाजता या. तो म्हणाला, "नारळ आणू का?"

१ डिसेंबर, सोमवार

साळूबाई अकरालाच आल्या. एकट्या. मी म्हणालो, "बाई, माझ्या हातून मोठी चूक झाली."

"चूक कशाची? नाय म्हनायलाच आले व्हते म्या त्या दिशी. पैला पुंजाराम, दुसरी मी — तेवढंच धरून बसले व्हते. तुम्ही वाचलं तवाच कळलं, सोडतोय त्यो, म्या नाय. म्हनून तर अंगठा दिला."

बाराची वेळ सांगूनही तेवढ्यात बाहेर पुंजारामची मोटरसायकल थांबली.

"त्याचं निम्मं त्याला माघारी देईन, भाऊ," त्या म्हणाल्या. "पन सांगू नका. कागूद द्या त्याच्या हातात. आधी वाचू द्या."